मुद्दा कुठे लपलाय? मराठी अहवालांसाठी वर्डच्या आउटलाइन व्ह्यूचं परीक्षण

निकाल आधी. अहवाल किंवा प्रस्ताव लिहिणाऱ्या प्रत्येकाने मायक्रोसॉफ्ट वर्डमधला आउटलाइन व्ह्यू, म्हणजे मजकुराचा नुसता सांगाडा दाखवणारं दृश्य, वापरावा. तो मुद्दा सुचवत नाही, भाषा सुधारत नाही आणि दिसायलाही ओबडधोबड आहे. पण वीस पानं लिहूनही आपल्याला नेमकं काय म्हणायचंय हे लिहिणाऱ्याने ठरवलेलंच नाही, ही गोष्ट तो दोन मिनिटांत उघडी पाडतो. मराठी मजकुरात त्याच्या काही खोडी आहेत. त्यातली एक खोड आपल्या वाक्यरचनेशीच निगडित आहे आणि नीट वापरली तर तोच त्याचा सगळ्यात मोठा फायदा ठरतो. म्हणून खाली तिला जास्त जागा दिली आहे.

ही सोय वर्डमध्ये वर्षानुवर्षं पडून आहे. विंडोजच्या आणि मॅकच्या, दोन्ही आवृत्त्यांत आहे. ब्राउझरमध्ये चालणाऱ्या वर्डमध्ये आणि मोबाइलच्या वर्डमध्ये मात्र नाही, त्यामुळे फोनवर अहवाल उरकणाऱ्यांसाठी हे परीक्षण इथेच संपलं.

व्ह्यू टॅबवर जा. प्रिंट लेआउट, वेब लेआउट यांच्या शेजारी 'आउटलाइन' आहे. विंडोजवर कंट्रोल, ऑल्ट आणि ओ एकत्र दाबले तरी तेच होतं, आणि परतायला कंट्रोल, ऑल्ट आणि पी. पानं, समास, लेटरहेड सगळं नाहीसं होतं, उरतो तो मजकुराचा सांगाडा. वर 'आउटलाइनिंग' नावाचा एक टॅब उघडतो. त्यात कामाच्या गोष्टी तीनच : 'शो लेव्हल', 'शो फर्स्ट लाइन ओन्ली' आणि मजकूर वर-खाली सरकवणारे बाण. त्याच टॅबवर मास्टर डॉक्युमेंटची बटणंही आहेत. त्यांच्या वाटेला जाऊ नका, मोठ्या फायली बिघडवण्याबद्दल त्यांची जुनी ख्याती आहे.

पहिली चाचणी : फक्त शीर्षकं वाचा

'शो लेव्हल'मध्ये २ निवडा. मजकूर मिटतो आणि मुख्य शीर्षकं व उपशीर्षकं तेवढी राहतात. आता ती एका दमात मोठ्याने वाचा.

पुण्यातल्या हाउसिंग सोसायटीच्या अहवालात ती साधारण अशी निघतात : प्रस्तावना. पार्श्वभूमी. सद्यःस्थिती. सामाईक वीजबिलाबाबत. सोलर यंत्रणेबाबत. खर्चाबाबत. शासकीय अनुदानाबाबत. निष्कर्ष. समारोप.

हीच शीर्षकं कोथरूडच्या सोसायटीची म्हणून चालतील, हडपसरच्याही, आणि 'सोलर' काढून 'लिफ्ट' घातलं तर आणखी शंभर सोसायट्यांची. शीर्षकांची यादी दुसऱ्याच्या अहवालावर जशीच्या तशी चिकटवता येत असेल, तर त्या अहवालाचा स्वतःचा मुद्दा अजून कागदावर उतरलेला नाही. विषय उतरलाय, एवढंच.

याचं मूळ शाळेतल्या अर्जलेखनात आहे. 'विषय : अमुकतमुकबाबत' ही ओळ हाताला इतकी बसली आहे की नोकरीत पंचवीस वर्षं झाली तरी ती सुटत नाही. 'बाबत' लावलं की कुठलीही गोष्ट न म्हणता म्हटल्यासारखी वाटते. 'लिफ्टबाबत' म्हणजे काय? लिफ्ट घ्यायची, बदलायची, बंद ठेवायची की तिच्या कंत्राटदाराला नोटीस द्यायची? आउटलाइन व्ह्यूमध्ये अशी सहा 'बाबत' एकाखाली एक दिसली की लिहिणाऱ्यालाच कानकोंडं होतं. प्रिंट लेआउटमध्ये ती सहा पानांवर विखुरलेली असतात, म्हणून खपून जातात.

दुरुस्ती सोपी आहे. प्रत्येक 'बाबत' खोडा आणि त्या जागी क्रियापद किंवा आकडा आणा. 'खर्चाबाबत' जाऊन 'आधी १५ लाख लागतील, ५.४ लाख परत येतील' असं आलं की शीर्षकच बातमी देतं. शीर्षक दोन ओळींचं झालं तरी बिघडत नाही. मूळ मजकुरात मात्र ते तिसऱ्या ओळीत शिरू देऊ नका, नाहीतर ते शीर्षक न राहता परिच्छेद होतो.

सगळीच शीर्षकं अशी बदलायची नसतात. परिशिष्टं, कोटेशनची यादी, संज्ञा यांना विषयवाचक नावंच बरी, कारण तिथे वाचक काहीतरी शोधायला येतो.

दुसरी चाचणी, आणि इथे मराठीचा प्रश्न येतो

'शो लेव्हल' पुन्हा 'ऑल लेव्हल्स'वर न्या आणि 'शो फर्स्ट लाइन ओन्ली'वर टिक करा (विंडोजवर ऑल्ट, शिफ्ट आणि एल). आता प्रत्येक परिच्छेदाची पहिली ओळ दिसते, पुढे तीन टिंबं. इतक्या सहज हा प्रकार दुसऱ्या कुठल्या प्रचलित लेखन-सॉफ्टवेअरमध्ये माझ्या पाहण्यात नाही. या परीक्षणाचं मुख्य कारण तोच.

नीट समजून घ्यायची गोष्ट अशी, की दिसते ती पहिली ओळ, पहिलं वाक्य नव्हे. खिडकीच्या रुंदीत जेवढं मावतं तेवढं. इंग्रजीत कर्त्यामागून लगेच क्रियापद येतं, त्यामुळे वाक्य अर्ध्यात तुटलं तरी काय चाललंय याचा अंदाज येतो. मराठीत क्रियापद शेवटी. वाक्य लांबलं की करायचं की नाही करायचं, हवं की नको, मंजूर की नामंजूर हे सगळं त्या तीन टिंबांच्या पलीकडे जातं.

त्याच सोलरच्या अहवालाच्या पहिल्या ओळी पडद्यावर अशा दिसतील :

आपल्या संस्थेच्या सामाईक वीजबिलात गेल्या काही वर्षांत सातत्याने होत असलेली वाढ विचारात…

या पार्श्वभूमीवर व्यवस्थापन समितीच्या मासिक सभेत सभासदांनी उपस्थित केलेल्या विविध पर्यायांचा…

केंद्र शासनाच्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेअंतर्गत गृहनिर्माण संस्थांना सामाईक सुविधांसाठी…

वरील सर्व बाबींचा साकल्याने विचार करता असे निदर्शनास येते की सद्यःस्थितीत…

पहिल्या तीन ओळींत एकही क्रियापद नाही, आणि चौथीतलं 'निदर्शनास येते' नुसतं प्रास्ताविक. चारही परिच्छेदांत काहीतरी घडतंय, पण काय ते कळायला प्रत्येक वाक्याच्या टोकापर्यंत जावं लागतं. सर्वसाधारण सभेत चहा येईपर्यंत चाळणारा सभासद तितका जात नाही, आणि कंपनीत चाळीस प्रस्तावांचा गठ्ठा पुढ्यात असलेला अधिकारीही जात नाही.

म्हणून मराठीसाठी हिशेब असा ठेवावा : परिच्छेदाचं पहिलं वाक्य दहा-बारा शब्दांत क्रियापदापर्यंत पोचलं पाहिजे. लॅपटॉपच्या पूर्ण रुंदीत, १०० टक्के झूमवर एवढं एका ओळीत सहसा मावतं. ओळीच्या शेवटी क्रियापद दिसलं तर वाक्य पास, टिंबं दिसली तर कापायचं. झूम ७० टक्क्यांवर आणून जास्त शब्द बसवता येतात, पण ती स्वतःचीच फसवणूक.

तोच अहवाल या मापाने बसवला तर पहिल्या ओळी अशा होतात :

गच्चीवर ३० किलोवॉटचं सोलर बसवावं.

आधी १५ लाख रुपये संस्थेला भरावे लागतील.

त्यातले ५.४ लाख अनुदान म्हणून नंतर परत येतील.

उरलेले ९.६ लाख सुमारे दोन वर्षांत बिलातून सुटतील.

गच्चीची सुमारे ३,००० चौरस फूट जागा अडेल.

पावसाळ्यात वीज कमी निघेल, तेव्हा बिल जास्त येईल.

ठराव ३० सप्टेंबरपूर्वीच्या वार्षिक सभेत व्हावा.

सात ओळींत अख्खा अहवाल. बाकीचा मजकूर या सात ओळींचा पुरावा. ज्याला पटतंय तो इथेच थांबेल, ज्याला शंका आहे तो नेमका आपल्या शंकेचा परिच्छेद उघडेल.

हिशेब पडताळता यावा म्हणून आकडे कुठून आले ते सांगतो. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थेच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान ठरलं आहे, म्हणजे ३० किलोवॉटला ५,४०,०००. कोटेशन किलोवॉटला ५०,००० धरलं आहे, युनिटचा दर १२ रुपये आणि निर्मिती किलोवॉटमागे दिवसाला सरासरी ४ युनिट. महिन्याला ३,६०० युनिट, म्हणजे ४३,२०० रुपये. ९,६०,००० भागिले ४३,२०० म्हणजे २२ महिने आणि थोडे. कोटेशन आणि दर उदाहरणापुरते धरलेले आहेत. आपल्या सोसायटीचं बिल समोर ठेवून ते बदलायचे, मग उरलेलं उत्तरही बदलेल.

दुसरी ओळ पाहा. 'आधी १५ लाख भरावे लागतील.' अनुदान यंत्रणा बसून सुरू झाल्यावर मिळतं, त्यामुळे सुरुवातीला पूर्ण रक्कम संस्थेलाच उभी करावी लागते. बहुतेक अहवालांत ही गोष्ट नवव्या पानावरच्या तक्त्याच्या तळटीपेत सापडते, कारण लिहिणाऱ्याला सोलर हवं असतं आणि १५ लाख हा आकडा अंगावर येतो. पहिल्या ओळींच्या यादीत तो नसला तर कमतरता चटकन लक्षात येते : कुठे 'परत येतील' आहे, पण 'भरावे लागतील' नाही. ९६ सदनिका असतील तर निव्वळ खर्चाने प्रत्येकी १०,००० येतात आणि सुरुवातीच्या रकमेने १५,६२५. अहवालात फक्त १०,००० लिहिले आणि सभेत कुणी १५ लाखांना ९६ने भागलं, की सगळा विश्वास गेला.

मुद्दा कुठला, हे व्ह्यू सांगत नाही

इथे या साधनाची हद्द संपते. सात ओळींतली पहिली कुठली असावी हे लिहिणाऱ्यालाच ठरवावं लागतं. त्यासाठी सोसायटीच्या सभेतलीच एक कसोटी पुरेशी आहे : त्या वाक्याला सूचक आणि अनुमोदक मिळू शकतो का? 'वीजबिल वाढत आहे' याला कोण अनुमोदन देणार? ती माहिती आहे. 'पर्यायी ऊर्जास्रोतांचा विचार व्हावा' याला अनुमोदन मिळेल, पण दुसऱ्या दिवशी कुणीच काही करणार नाही. '३० किलोवॉटचं सोलर बसवावं' याला कुणी हो म्हणेल, कुणी नाही म्हणेल, आणि हो झालं तर सोमवारी कुणाला फोन करायचा हे ठरलेलं असेल. ज्याला नाही म्हणता येतं तोच मुद्दा.

कंपन्यांच्या प्रस्तावांनाही हेच लागू. चाकण-भोसरीचा पुरवठादार आपल्या ग्राहक कंपनीला मटेरियल बदलण्याचा प्रस्ताव देतो, तेव्हा पहिलं पान कंपनीचा इतिहास, आयएसओ प्रमाणपत्रं आणि कारखान्याच्या फोटोंनी भरतं. खरेदी विभागाला हवं असतं ते एक वाक्य : कुठला पार्ट, कुठल्या मटेरियलऐवजी कुठलं, नगामागे किती रुपये वाचतील, चाचणीचे नमुने कधी येतील. चारांपैकी एक जरी गाळलं तरी उत्तर येतं, 'डिटेल्स पाठवा'. म्हणजे आठवडा गेला.

कंपन्यांच्या सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीकरता सामाजिक संस्था जो प्रस्ताव देते त्यात संस्थेचं कार्य आधी आणि मागणी शेवटी, हा क्रम तर जवळपास ठरून गेलेला. कंपनीतला वाचणारा आधी तीन गोष्टी पाहतो : काम कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टातल्या कुठल्या बाबीत बसतं, एकूण रक्कम किती, आणि एका लाभार्थ्यामागे किंवा एका युनिटमागे किती. मुळशीतल्या दहा शाळांत स्वच्छतागृहं बांधायची असतील, तर 'एका शाळेमागे इतके' हे पहिल्या वाक्यात हवं. संस्थेची स्थापना कधी झाली ते सहाव्या पानावर चालेल.

मजकूर उचलून वर ठेवणं : इथे वर्ड खरंच छान आहे

सरकारी टिपणीचा क्रम आपल्याकडे खासगी अहवालांतही मुरला आहे. आधी विषय, मग संदर्भ, वस्तुस्थिती, अभिप्राय, आणि अगदी तळाला 'तरी उपरोक्त प्रस्तावास मान्यता मिळावी, ही विनंती'. नस्ती, म्हणजे सरकारी फाइल, एका टेबलावरून दुसऱ्यावर जाते, प्रत्येक जण खाली आपलं मत जोडतो, आणि शेवटच्या अधिकाऱ्याला खालून वर वाचायची सवय असते. तिथे तो क्रम चालतो. ईमेलने आलेली पीडीएफ मात्र माणूस वरून वाचतो आणि दुसऱ्या पानावर सोडून देतो.

आउटलाइन व्ह्यूमध्ये शीर्षकावर कर्सर ठेवून ऑल्ट, शिफ्ट आणि वरचा बाण दाबला की ओळ वर सरकते. मजकूर मिटवलेला असेल तर त्या शीर्षकाखालचं सगळं, परिच्छेद, तक्ते, उपशीर्षकांसकट, सोबत जातं. सात पानांचा 'निष्कर्ष' तळातून पहिल्या क्रमांकावर न्यायला काही सेकंद पुरतात. कट-पेस्टने तेच करायला गेलं की निम्मा तक्ता मागे राहतो.

तीन गोष्टी सांभाळा. ट्रॅक चेंजेस बंद ठेवा, नाहीतर सरकवलेला सगळा मजकूर रंगीत होऊन दुसऱ्याला काही वाचता येत नाही. आधी फाइलची प्रत करून ठेवा. आणि शीर्षकांचे क्रमांक हाताने टाइप केलेले असतील तर ते आपोआप बदलत नाहीत. 'मुद्दा ४.२ मध्ये म्हटल्याप्रमाणे' असं लिहिलेलं असतं, आणि ४.२ आता १.१ झालेला असतो. क्रमांक वर्डच्या मल्टिलेव्हल लिस्टने द्या, उल्लेख रेफरन्सेस टॅबवरच्या क्रॉस-रेफरन्सने घाला. मग सगळं सरकवून झाल्यावर कंट्रोल-ए आणि एफ-९ दाबलं की क्रमांक जागेवर येतात.

निष्कर्ष वर नेल्यावर एक काम उरतं, ते बहुतेक जण विसरतात. त्यातली 'वरील', 'उपरोक्त', 'आधी पाहिल्याप्रमाणे' ही वाक्यं आता खोटी झालेली असतात. ती शोधून काढा. बहुतेक वेळा ती नुसती उडवली तरी वाक्य जास्त सरळ होतं.

आधीची तयारी, आणि पुण्यातल्या फायलींचं दुखणं

पहिल्यांदा आउटलाइन व्ह्यू उघडणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना शीर्षकं दिसतच नाहीत. सगळा मजकूर एकाच पातळीवर, प्रत्येक परिच्छेदाआधी एक बारीक गोल. कारण शीर्षकं नुसती ठळक आणि मोठी केलेली असतात. वर्डच्या लेखी ती साधी वाक्यंच. त्यांना हेडिंग स्टाइल द्यावी लागते : मुख्य शीर्षकाला कंट्रोल, ऑल्ट आणि १, उपशीर्षकाला कंट्रोल, ऑल्ट आणि २. चाळीस शीर्षकं असतील तर एकावर कर्सर ठेवा, होम टॅबवर उजव्या टोकाला 'सिलेक्ट'मध्ये जाऊन सारख्या फॉरमॅटिंगचा मजकूर निवडा, आणि सगळ्यांना एकदम स्टाइल द्या. ज्याने प्रत्येक शीर्षक वेगळ्या आकारात ठेवलंय त्याला मात्र हाताने बसावं लागेल.

स्टाइल दिली की देवनागरी शीर्षकाचा फॉन्ट किंवा आकार भलताच होतो अशी तक्रार असते. वर्ड देवनागरीला 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' मानतो आणि तिचा फॉन्ट, आकार, ठळकपणा रोमन लिपीपासून वेगळा धरतो. स्टाइल मॉडिफाय करताना फॉरमॅटमधून फॉन्टची पूर्ण खिडकी उघडा आणि 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स'च्या खालच्या रकान्यात फॉन्ट ठरवा. वरच्या रकान्यात कितीही बदल केले तरी मराठी अक्षर हलत नाही. रकानाच दिसत नसेल तर ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी जोडलेली नाही.

जुन्या फॉन्टांचा प्रश्न याहून मोठा. पुण्यातल्याच मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी आणि सी-डॅकचं आयएसएम यांवर मराठी टायपिंगच्या काही पिढ्या घडल्या. त्यांच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टांत मराठी दिसते ती फॉन्टच्या जोरावर. फाइलीत आत भलतीच चिन्हं असतात. आउटलाइनिंग टॅबवर 'शो टेक्स्ट फॉरमॅटिंग'ची टिक काढली की साधा फॉन्ट लागतो आणि पडद्यावर कचरा दिसतो. टिक असू द्या, म्हणजे वाचता येईल. डावीकडे शीर्षकांची यादी दाखवणाऱ्या नेव्हिगेशन पेनमध्ये तोही इलाज नाही, तिथे शीर्षकं वर्डच्या स्वतःच्या फॉन्टमध्येच येतात. आप्पा बळवंत चौकाच्या आसपास टाइप करून घेतलेला जुना अहवाल नव्याने वापरायचा असेल तर आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्या. कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरांत हमखास चुकतात, त्यामुळे शीर्षकं आणि आकडे डोळ्यांखालून घालाच.

आणखी एक खोड. तक्त्यात टाकलेली शीर्षकं नेव्हिगेशन पेनमध्ये येत नाहीत, टेक्स्ट बॉक्समधलीही नाहीत. अहवाल 'देखणा' दिसावा म्हणून डिझायनरने प्रत्येक शीर्षक रंगीत चौकटीत बसवलं असेल, तर हे सगळं साधन निकामी. चौकट हवीच असेल तर परिच्छेदाला बॉर्डर आणि शेडिंग द्या. दिसायला तेच, आणि शीर्षक शीर्षक राहतं.

पर्याय

वर्डचाच नेव्हिगेशन पेन रोजच्या कामाला सोपा आहे. कंट्रोल-एफ दाबलं की उघडतो, हेडिंग्जवर गेलं की शीर्षकं दिसतात आणि माउसने ओढून मजकूर हलवता येतो. पहिली चाचणी त्यावर होते, दुसरी होत नाही.

गूगल डॉक्समध्येही डावीकडे शीर्षकांची आउटलाइन असते. अनेकांनी मिळून लिहायचं असेल तर डॉक्सच बरं, पण परिच्छेदांच्या पहिल्या ओळी तेवढ्या दाखवायची सोय तिथे नाही. मार्ग असा : शेवटचा मसुदा वर्ड फाइल म्हणून उतरवा, तपासा, सुधारणा परत डॉक्समध्ये करा. कटकटीचं आहे, पण महत्त्वाच्या प्रस्तावाला परवडतं.

लिबरऑफिस मोफत आहे आणि त्यात एक दुर्लक्षित चीज आहे. फाइल मेनूतल्या 'सेंड'मध्ये 'क्रिएट ऑटोॲबस्ट्रॅक्ट' निवडा. किती पातळ्यांची शीर्षकं आणि प्रत्येकाखालचे किती परिच्छेद घ्यायचे ते विचारतं, आणि तेवढ्याची वेगळी फाइल करून देतं. परिच्छेद १ ठेवला की प्रत्येक शीर्षकाखालचा पहिला परिच्छेद पूर्ण मिळतो. पहिल्या ओळीची कडक शिस्त यात नाही, पण कार्यकारी सारांशाचा कच्चा खर्डा म्हणून वर्डपेक्षा हे चांगलं.

आपोआप सारांश काढणाऱ्या साधनांबद्दल थोडं जपून. वर्डमध्ये पूर्वी 'ऑटोसमराइझ' होतं, पुन्हापुन्हा येणाऱ्या शब्दांवरून ते महत्त्वाची वाक्यं निवडायचं. २०१०च्या आवृत्तीत ते काढून टाकलं. आताची एआय साधनं त्याहून कितीतरी पुढची आहेत आणि मराठीतही वाचनीय सारांश देतात. अडचण अशी, की मुद्दा नसलेल्या अहवालाचाही सारांश गोटीबंद येतो. अहवालभर 'विचार व्हावा' असेल तर सारांशातही 'विचार व्हावा' येईल, फक्त जास्त आत्मविश्वासाने. आधी पहिल्या ओळींची चाचणी, मग सारांश. उलट क्रमाने गेलात तर दोष झाकला जातो.

आउटलाइन व्ह्यू सगळ्यांसाठी नाही. दोन पानांच्या पत्राला त्याची गरज नाही, ते नुसतं वरून खाली वाचा. मुख्यतः आकडेवारीचे तक्ते असलेला अहवाल असेल तर तिथेही तो फारसा कामाचा नाही, कारण तक्त्याचा मुद्दा तक्त्याच्या मथळ्यात असतो. 'तक्ता ३ : मासिक वीजवापर' याऐवजी 'तक्ता ३ : निम्मी वीज पाण्याच्या पंपांना लागते' असा मथळा हवा. हे मथळे कॅप्शन म्हणून घातले तर रेफरन्सेस टॅबवरून तक्त्यांची सूची बनवता येते, आणि ती सूची वाचणं हीच तक्त्यांसाठीची पहिल्या ओळींची चाचणी. कॉलेजच्या काळ्या बाइंडिंगच्या प्रोजेक्ट रिपोर्टला तर प्रकरणांचा क्रम ठरवूनच दिलेला असतो, तिथे शीर्षकं बदलायला वाव नाही. परिच्छेदांच्या पहिल्या ओळी मात्र तिथेही आपल्याच हातात असतात.

वेळेचा अंदाज : हेडिंग स्टाइल आधीच दिलेल्या वीस पानांना दोन्ही चाचण्या मिळून अर्धा तास, पहिली वाक्यं नव्याने लिहायला आणखी दोन-तीन तास. स्टाइल नसतील तर पाऊण तास वाढवा. हे काम मसुदा पूर्ण झाल्यावर आणि शुद्धलेखन तपासण्याआधी करायचं. उलट केलंत तर जी वाक्यं उडणार आहेत त्यांचेच ऱ्हस्व-दीर्घ सुधारत बसाल. आणि प्रिंट द्यायच्या किंवा पीडीएफ करायच्या आधी आठवणीने प्रिंट लेआउटवर परत या.